बालकाला स्थान निवडता येत नाही

प्रमेय

मोक्षमार्गी साधकाने कोठे राहावे, कोणाच्या संगतीत असावे आणि कोणता देश टाळावा, याचा विचार सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी फार बारकाईने सांगितला आहे. महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा, विषयबहुल देशांत जाण्याचा निषेध, देशाच्या कडेला झाडातळी आयुष्य कंठण्याचा उपदेश, आणि एका ठिकाणी न गुंतता नित्य अटन करण्याचा नियम, ही सर्व वचने सूत्रपाठाच्या अभ्यासकाला परिचित आहेत. या वचनांवर आचार्यांनी आणि भाष्यकारांनी विपुल निरूपण केले आहे. त्या सर्वांच्या मुळाशी एक साधे सत्य गृहीत धरलेले दिसते. ते असे की स्थानाचा जीवावर परिणाम होतो. माणूस जेथे बसतो, जे पाहतो, जे ऐकतो आणि ज्यांच्याबरोबर जेवतो, ते सर्व हळूहळू त्याच्या ठायी उतरते. असे नसते तर स्थानाविषयी विधिनिषेध सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते.

मात्र ही सर्व वचने ज्याला उद्देशून आहेत तो जाणता साधक आहे. त्याला पाय आहेत, विवेक आहे, निवड करण्याचे सामर्थ्य आहे. अमुक गाव चित्ताला विक्षेप करते असे वाटले तर तो झोळी उचलून पुढे जाऊ शकतो. बालकाचे तसे नाही. ते ज्या घरात, ज्या गल्लीत, ज्या धुरात आणि ज्या शब्दांत जन्मते, तेथेच त्याला वाढावे लागते. त्याला अटन नाही, विजन नाही, संगत्याग नाही. साधकाला स्थान निवडता येते; बालकाला येत नाही. म्हणून बालकाच्या बाबतीत स्थानाचा विचार करण्याचे उत्तरदायित्व त्याच्याभोवतीच्या जाणत्यांवर येऊन पडते. हेच या निरूपणाचे प्रमेय होय.

रे रोडचे उदाहरण

तत्त्व उदाहरणावाचून बुद्धीत स्थिर होत नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला, हार्बर रेल्वेमार्गावर रे रोड नावाचे स्थानक आहे. १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्यावरून हे नाव पडले. १९१० साली कुर्ल्याहून निघालेला हार्बर मार्ग प्रथम येथपर्यंतच आला होता. स्थानकाच्या पूर्वेस बंदराची जमीन, गोदामे, वखारी आणि दारूखाना. येथील ‘दारू’ पिण्याची नव्हे. बंदुकीच्या दारूच्या कोठारांवरून हे नाव आले. पुढे या किनाऱ्यावर जुनी जहाजे मोडण्याचा व्यवसाय वाढला. १९८३ पासून गुजरातेतील अलंगचा किनारा पुढे आला आणि मोठी जहाजे तिकडे वळली, तरी दारूखान्यातील भंगाराचे काम त्यानंतरही चालत राहिले.

अशा ठिकाणी कुटुंबे का राहतात, असा प्रश्न दूरच्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर कठीण नाही. जेथे मजुरी तेथेच बिऱ्हाड, हा गरिबाचा नाइलाज असतो. दूर राहिल्यास येण्याजाण्यात वेळ आणि पैसा जातो, आणि सकाळी कामाला हाक पडते तेव्हा हजर नसलेल्याची मजुरी बुडते. मुंबईतील पदपथावर राहणाऱ्यांच्या प्रसिद्ध दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी निर्णय दिला, तेव्हा उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे मान्य केले. माणसे हौसेने रस्त्याच्या कडेला राहत नाहीत, पोट त्यांना तेथे आणते, ही गोष्ट त्या निर्णयाने नोंदली गेली. आईबाप पोटासाठी आले. पण त्यांच्या कडेवरील मूल कशासाठी आले? ते केवळ त्यांच्याबरोबर आले. निवड आईबापांचीही अर्धीच होती. मुलाची तर मुळीच नव्हती.

आता हे स्थान त्या मुलात कसे उतरते ते पाहावे. जुन्या जहाजांचे लोखंड गंजू नये म्हणून त्यावर शिशाच्या शेंदराचा रंग देत असत. असा पत्रा गॅसच्या ज्योतीने कापला की शिशाची वाफ आणि धूळ उठते. कामगाराच्या सदऱ्यावर, केसांत आणि हातांवर ती धूळ बसते व त्याच्यासोबत घरी येते. बाप घरात शिरतो आणि मूल त्याच्या अंगावर झेपावते. रांगते मूल जमिनीवरची धूळ हाताने उचलते आणि हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या मानाने मुलाचे शरीर चार ते पाच पट शिसे शोषून घेते. आहारात लोह आणि चुना कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. या विषाने मुलाचे लक्ष टिकत नाही, बुद्धीची वाढ खुंटते, स्वभाव चिडका होतो. आणि बालकाच्या रक्तातील शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

येथे क्षणभर थांबावे. असे मूल उद्या शाळेत गेले आणि त्याचे चित्त पाटीवर ठरेना, तर लोक त्याला मठ्ठ म्हणतील, उनाड म्हणतील. कोणी धार्मिक वृत्तीचा असेल तर तो पूर्वजन्मीचे कर्म म्हणेल. परंतु त्याच्या मठ्ठपणाचे एक कारण बापाच्या सदऱ्यावर बसून घरी आले होते, हे कोणाच्या ध्यानी येणार?

आवाजाचेही तसेच. न्यूयॉर्क शहरातील एक शाळा उंचावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाला लागून होती. १९७५ साली अर्लिन ब्रॉन्झाफ्ट या संशोधक बाईंनी आपल्या सहकाऱ्यासह तेथील मुलांच्या वाचनाची तुलना केली. रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडलेली आढळली. शाळा तीच होती, अंतर होते भिंतीच्या दोन बाजूंचे. गाडी जाताना शिक्षकाचे बोलणे तुटे, आणि तुटलेले वाक्य मुलापर्यंत पोहोचत नसे. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते केली, आणि १९८१ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा तो फरक नाहीसा झाला होता. दोष मुलांच्या बुद्धीत असता तर तो रबराच्या गाद्यांनी गेला नसता.

शंका आणि समाधान

येथे शंका उपस्थित होते. जीव हा अनादी अविद्येने बद्ध आहे आणि आपल्या कर्माप्रमाणे फळ भोगतो. ज्याचे जसे कर्म तसे त्याला कुळ, घर आणि ठिकाण मिळते. मग त्यात पालट करू पाहणे व्यर्थ नव्हे काय?

समाधान असे. कर्मविचार हा जीवाला जन्म कोठे मिळाला याचे उत्तर देतो. त्या जीवाच्या शेजारी उभ्या असलेल्याने काय करावे, याचे उत्तर तो देत नाही. ते उत्तर आचारात आहे. पाण्यात बुडणाऱ्याला पाहून काठावरचा मनुष्य त्याच्या कर्माचा हिशेब करीत बसला, तर त्या क्षणी त्याचे स्वतःचे कर्म लिहिले जाते. शिवाय कर्मानेच सर्व ठरून गेले असते, तर स्वामींनी साधकाला देश, संग आणि आहार यांचे नियम कशासाठी घालून दिले असते? नियम सांगितले, त्या अर्थी पालट शक्य आहे.

लीळांची साक्षही अशीच आहे. पारध्यांच्या भयाने पळत आलेल्या सशाला स्वामींनी आपल्या जानूखाली आश्रय दिला आणि पारध्यांना हिंसेपासून परावृत्त केले. शरण आलेल्या जीवाच्या पूर्वकर्माची चौकशी तेथे झाली नाही. ऋद्धिपुरात मातंगांना पाण्यावाचून कष्ट होत होते, तेव्हा श्रीगोविंदप्रभूंनी त्यांना विहिरीची जागा दाखवून दिली. तहान हे तुमचे प्रारब्ध आहे, असे सांगून त्यांची बोळवण केली नाही. ज्या मार्गाच्या आरंभी अशा लीळा आहेत, त्या मार्गाच्या अनुयायाने बालकाच्या दुःस्थितीपुढे कर्माचे नाव घेऊन पाठ फिरवणे शोभत नाही.

दुसरी शंका याच्या उलट बाजूने येते. चिखलातही कमळ उगवते. ज्याच्या अंगी गुण असतो तो कोठेही वर येतो. मग परिस्थितीचा एवढा बाऊ कशाला? ही शंका गोड आहे, म्हणूनच अधिक घातक आहे. तिचे उत्तर दृष्टांताने द्यावे लागेल. त्यासाठी रे रोडपासून रुळांच्या पलीकडे पश्चिमेस, परळच्या गिरणगावात जावे लागेल. पूर्वेस गोदी आणि पश्चिमेस गिरण्या, अशा दोन कष्टाच्या पट्ट्यांतच या मुंबईतील हजारो मुले वाढली.

दृष्टांत

१९२६ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यावर एक टाकून दिलेले तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला आढळले. गंगाराम आणि त्यांची पत्नी काशीबाई ही दोघेही गिरणीत राबणारी माणसे. घर चाळीतले, मिळकत बेताची. त्यांनी ते मूल घरी नेले, त्याला नारायण हे नाव दिले आणि आपले आडनावही दिले. शाळेत घातले. १९३६ साली गंगाराम गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात परतले, तेव्हा जाताना त्यांनी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले, असे सांगतात. तेव्हा नारायणचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. त्यानंतर त्या मुलाने मिळेल ते काम केले. गिरणीत राबला, शाळेत शिपाई झाला, आणि पुढे शिक्षक झाला. त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला कवितासंग्रह १९६२ साली प्रसिद्ध झाला. १९९५ साली परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९९८ साली पद्मश्री मिळाली. २०१० साली नारायण सुर्वे निवर्तले.

हे चिखलातील कमळ आहे, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. पण नीट पाहिल्यास दिसते की या कथेत दोन परिस्थिती आहेत. एक परिस्थिती त्या मुलाला रस्त्यावर ठेवून गेली. दुसरीने त्याला उचलून घेतले. दोन्ही त्याच शहरात, त्याच गरिबीत होत्या. गंगारामांनी मुलासाठी चाळ बदलली नाही, धूर हटवला नाही. ते त्यांच्या हातात नव्हते. त्यांनी स्वतःला त्या मुलाची परिस्थिती केले. ते मूल परिस्थितीशिवाय वाढले नाही. गंगाराम आणि काशीबाई हीच त्याची परिस्थिती होती. दहाव्या वर्षी ती दोघे दृष्टीआड झाली, तरी दिलेले नाव आणि शिकवलेली अक्षरे मागे राहिली.

दुसरा दृष्टांतही परळचाच. सुभेदार रामजी सकपाळ हे निवृत्त सैनिक मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत येऊन डबक चाळीत राहिले. एकच खोली, तिच्यातच चूल, सरपण आणि सगळा संसार. इतक्या गर्दीत अभ्यासाला जागा कोठून असणार? रामजींनी जागेचा प्रश्न वेळेने सोडवला. भीमरावाला ते संध्याकाळी लवकर झोपवीत आणि उत्तररात्री दोनच्या सुमारास उठवून दिव्याजवळ अभ्यासाला बसवीत. चाळ निजलेली असे, तेवढी शांतता त्या मुलाची. घरात रामायण, महाभारत आणि संतांच्या पदांचे पठण नेमाने होई. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. घराबाहेरची परिस्थिती मात्र अस्पृश्यतेची होती. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतरांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. मुंबईच्या शाळेतही अपमान चुकला नाही. ती परिस्थितीही त्यांच्या ठायी उतरली, आणि तिचा दाह त्यांनी जन्मभर बाळगला. रामजींना समाज पालटता आला नाही. पण रात्रीचे ते काही तास त्यांनी मुलासाठी मोकळे करून ठेवले.

ही दोन उदाहरणे अपवाद म्हणून बाजूला सारता येणार नाहीत. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. ज्या मुलांच्या वाट्याला दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे व्यसन वा आजार अशी अनेक संकटे एकदम आली होती, त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश मुले पुढे अडचणीत सापडली. सुमारे एक तृतीयांश मात्र समर्थ, प्रेमळ आणि विश्वासू माणसे झाली. त्या तरलेल्या मुलांच्या आयुष्यात एक गोष्ट वारंवार आढळली: निदान एक तरी मोठे माणूस असे होते, ज्याने त्या मुलाला आपले मानले होते. कधी आजी, कधी मोठी बहीण, कधी शिक्षक, कधी शेजारी.

यातून दोन्ही शंकांचे निरसन होते. परिस्थिती दोन तृतीयांश मुलांना ओढून नेते, म्हणून तिचा बाऊ केला जातो असे म्हणता येत नाही. आणि एका माणसाने ती पालटू शकते, म्हणून तिच्यापुढे हात टेकता येत नाहीत. कमळाची स्तुती करून चिखल तसाच ठेवणारा मनुष्य न उगवलेल्या कमळांची गणती कधी करीत नाही.

दार्ष्टांतिक

‘सन्निधान’ हा शब्द पंथाच्या परिभाषेत परमेश्वरावताराच्या सहवासासाठी आहे. तो शब्द लौकिक सहवासाला लावणे उचित नव्हे. तथापि त्या शब्दाच्या विचारातून मिळणारा बोध व्यवहारात आणण्यास हरकत नाही. सन्निधानी जे पाहिले, ऐकले, तेच असन्निधानी स्मरणाचा आधार होते. जे पाहिलेच नाही त्याचे स्मरण कसे घडणार? तद्वत् बालकाने लहानपणी जे पाहिले, त्याच्याच आधारावर ते मोठेपणी उभे राहते. त्याला सांगितलेले पुष्कळसे विसरले जाते. त्याच्यासमोर घडलेले सहसा विसरले जात नाही.

यावरून गृहस्थ वासनिकांनी तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली, देहाची. धुळीचे, रंगाचे, बॅटरीचे, भंगाराचे काम करणाऱ्याने घरी येताच मुलाला उचलण्यापूर्वी हातपाय धुवावेत, कामाचे कपडे वेगळे ठेवावेत आणि ते मुलांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. मुलाच्या पानात डाळ, पालेभाजी, नाचणी पडेल असे पाहावे. हा शौचाचार आहे, असे समजावे. ज्या धर्मात अहिंसा आहे, त्यात नकळत होणारी हिंसा टाळणे हाही धर्मच होय.

दुसरी, शब्दाची. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबात नवराबायकोचे भांडण मुलापासून लपत नाही. भिंत नाही, तेव्हा जिभेलाच भिंत घालावी लागते. घरात दिवसातून एक घटका अशी असावी की ज्या वेळी कोणी ओरडणार नाही, आणि मुलाला शांतपणे वाचता, ऐकता आणि प्रश्न विचारता येईल. रामजींना ती घटका उत्तररात्री सापडली. इतरांना ती नामस्मरणाच्या वेळी सापडू शकेल.

तिसरी, शेजाऱ्याची. आपल्या घरात सर्व ठीक असले तरी बाजूच्या झोपडीतील मुलाचे स्थान आपणही आहोत, हे विसरू नये. त्या मुलाला नावाने हाक मारणारे, शाळेत गेलास का असे विचारणारे एक माणूस त्याच्या वाटेवर असावे. भारतात ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पण कायदा मुलाचे बोट धरून त्याला शाळेत नेत नाही. ते कोणा माणसालाच करावे लागते.

राहिली गोष्ट मठाश्रमांची. श्रद्धेने आईबाप जे बालक आश्रमात आणून सोडतात, त्यानेही ते स्थान निवडलेले नसते. त्याच्या अंगावर भगवे वा साधे वस्त्र चढले म्हणून त्याचे बालपण संपत नाही. ते सूत्रे पाठ करते तेवढ्याच एकाग्रतेने महंतांकडे पाहते. दर्शनाला आलेल्या श्रीमंताशी आणि गरिबाशी बोलताना आवाजात फरक पडतो का, ताटात उरलेल्या अन्नाचे काय होते, चूक झालेल्या लहानग्याला कोणत्या शब्दांनी हाक मारली जाते, हे सर्व ते मनात साठवते. उद्या ते जे निरूपण करील, ते पाठ केलेल्या पोथीतून होईल. पण जे आचरण करील, ते या साठ्यातून होईल. आश्रमात येणाऱ्या बालकाला खेळ, पुरेसा आहार, शाळेचे शिक्षण आणि आईबापांची भेट मिळते की नाही, हा प्रश्न व्यवस्थेचा म्हणून खालच्या पायरीवर ठेवता कामा नये. तो आचाराचाच प्रश्न आहे. जो मार्ग साधकाच्या स्थानाची एवढी चिंता वाहतो, त्याच्या आश्रमातील स्थान बालकाला बाधक ठरले, तर तो उणेपणा स्थानाचा नव्हे, ते स्थान सांभाळणाऱ्यांचा होय.

रे रोडच्या रस्त्यावरून माल वाहणाऱ्या गाड्या जातात. कडेला एखादे मूल मळक्या हातांनी लोखंडाच्या तुकड्याशी खेळत असते. त्याच्याकडे पाहणारा साधक अटन करीत पुढे जाऊ शकतो. ते मूल तेथेच राहते. त्या घटकेपुरता का होईना, तो साधकही त्या मुलाच्या स्थानाचा एक भाग झालेला असतो. आपण त्याचे कोणते स्थान झालो, एवढा प्रश्न प्रत्येकाने पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी स्वतःच्या चित्ताला विचारावा.

॥ दंडवत प्रणाम ॥